गालांवरची लव राहू दे

*डॉक्टरताई, माझं वय ३३. पाळी पहिल्यापासून अनियमित, कधी चाळीस दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी. चार वर्षांपूर्वी पीसीओएसचं, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या आजाराचं, निदान झालं. हनुवटीवर, तिच्याखाली आणि गळ्यावर काळे, राठ केस येतात. हल्ली दोन-तीन पांढरेही दिसले. रोज सकाळी चिमटा आणि आरसा घेऊन खिडकीत बसते. घरच्यांना वाटतं मी आवरतेय. सहा महिन्यांपूर्वी घरी वापरायचं, प्रकाशाच्या झोताने केस काढणारं आयपीएल मशीन घेतलं आणि हनुवटीबरोबर गालांवरही फिरवलं. हनुवटीला फारसा फरक नाही, पण गालांवर जिथे नुसती लव होती तिथे आता केस दिसायला लागलेत. की मलाच तसं वाटतंय? एका क्लिनिकने आठ सिटिंगचं ‘फुल फेस’ लेझर पॅकेज सांगितलंय, केस कायमचे जातील म्हणाले. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, आधी गोळ्या. आई म्हणते, काहीही कर पण वस्तरा लावू नकोस. दोन वर्षांत बाळाचाही विचार आहे. आधी काय करू? नाव छापू नका.*

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ ‘तू’वर येते.

आधी गालांचं बोलू. तो तुझा भास नसावा. लेझर किंवा आयपीएल केल्यावर केस कमी व्हायच्या ऐवजी त्याच जागी किंवा आजूबाजूला वाढतात, असं काही जणींत होतं. २००२ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट नोंदवलं. त्यांच्या रुग्ण चेहऱ्यावर आयपीएल करून घेतलेल्या बायका होत्या आणि ज्यांचे केस वाढले त्यांच्यात पीसीओएस होतं. तेव्हापासून जगभरातून असे अहवाल आलेत. काहींत हे प्रमाण शंभरात एकीपेक्षाही कमी दिसतं, काहींत दहापर्यंत जातं. पण कुठे होतं याबद्दल सगळ्यांचं बऱ्यापैकी एकमत आहे: चेहरा आणि गळा, सावळी त्वचा, काळे केस, हार्मोनची गडबड. म्हणजे बऱ्याच बाबतीत तुझ्यासारख्याच मुली.

का होतं ते समजायला लेझरचं काम कसं चालतं ते थोडं बघावं लागेल. अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर हे सगळं उभं आहे. प्रकाशाची तरंगलांबी आणि झोताची वेळ नेमकी निवडली, तर त्वचेतली एकच गोष्ट तापवता येते आणि शेजारचं शाबूत राहतं. केसांच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे मेलॅनिन, केसाचा काळा रंग. काळा, जाड केस प्रकाश पितो, तापतो, आणि ती उष्णता त्याच्या मुळाशी असलेल्या पेशींना जाळते. लवेत रंगच इतका कमी की मूळ जळण्याइतकी उष्णता तयार होत नाही, नुसती कोमट होते. आणि ही कोमट ऊब, तीही पुरुषी हार्मोनचा इशारा मिळायला टपलेल्या मुळांना, जागं करत असावी, असं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण आहे. घरगुती मशीनची ताकद सुरक्षिततेसाठी मुद्दामच कमी ठेवलेली असते. पायांवरच्या काळ्या केसांना ती चालून जाते. हार्मोनचा त्रास असलेल्या बाईच्या गालांवर तीच कमी ताकद अंगाशी येऊ शकते.

माझ्याही हातून हे झालंय. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीने ‘चेहरा एकसारखा गुळगुळीत हवा’ म्हटलं आणि मी कानशिलापासून जबड्यापर्यंत सगळीकडे लेझर दिला. हनुवटी छान साफ झाली. काही महिन्यांनी ती परत आली ती गाल दाखवायला. तेव्हापासून मी पेशंटला आरशासमोर बसवते, पांढरी पेन्सिल घेते आणि जिथे लेझर द्यायचा *नाही* तिथे रेघ मारते.

तेव्हा ते मशीन आजपासून कपाटात ठेव आणि ‘फुल फेस’ला नाही म्हण. तुला हनुवटी, तिच्याखालचा भाग आणि गळ्यावरचे राठ केस, एवढ्यावरच लेझर हवा आहे. गाल सध्या तसेच राहू देत. खटकत असतील तर वस्तरा किंवा चेहऱ्याचा छोटा ट्रिमर फिरव. पुढे त्यातले काही केस खरोखरच काळे आणि जाड झाले, तर तेवढ्याच केसांवर पूर्ण ताकदीचा लेझर देता येतो किंवा इलेक्ट्रॉलिसिस (सुईतून वीज देऊन मूळ मारणं) करता येतं. अजून नुसती लव आहे तिथे मात्र पुन्हा प्रकाश नको.

वस्तऱ्यावरून आईशी भांडू नकोस, पण तिचं ऐकूही नकोस. वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला खरखरीत लागतो, इतकंच. मुळापर्यंत पातं पोहोचतच नाही. आणि तुझ्यासाठी वस्तरा नुसता चालण्यासारखा नाही, तो आता गरजेचा आहे. लेझरला तापवायला त्वचेखाली केस लागतो. तू रोज चिमट्याने तो मुळासकट उपटतेस, म्हणजे लेझर देणाऱ्याला रिकामं बीळ मिळणार. पहिल्या सिटिंगच्या आधी निदान चार आठवडे चिमटा, थ्रेडिंग, वॅक्सिंग सगळं बंद, आणि सगळी सिटिंग संपेपर्यंत बंदच. ब्लीचही नको, कारण ज्या रंगावर लेझरचं काम चालतं तोच ते घालवतं. शिवाय रोज उपटून केस आत वळतात, तिथे पुळ्या येतात आणि मग काळे डाग पडतात. हनुवटीचे जे डाग तुम्ही ‘केसांमुळे’ म्हणता, त्यातले बरेचसे चिमट्याचे असतात.

आता त्या ‘कायमचे’ शब्दाकडे येते.

हनुवटीवर मुळात प्रत्येकीलाच लव असते. पुरुषी हार्मोन, म्हणजे अँड्रोजेन, जास्त असले किंवा मुळं त्यांना जास्त संवेदनशील असली की त्याच मुळातून लवेऐवजी जाड केस यायला लागतात. लेझर आज जाड असलेले केस मारतो. उद्या शेजारची लव जाड होणार असेल तर ती थांबवणं त्याच्या हातात नाही. म्हणूनच अमेरिकेचं औषध प्रशासन लेझरबद्दल ‘कायमची घट’ असा शब्द वापरू देतं, ‘कायमचं निर्मूलन’ असा नाही. घट म्हणजे काय, तर ठरलेल्या सिटिंगनंतर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणं. कोणी तुला आठ सिटिंगमध्ये कायमचे केस जातील असं सांगत असेल, तर त्याला पीसीओएस माहीत नाही किंवा तुला सांगायचं नाही.

तरीही मी म्हणते, कर. पीसीओएस असलेल्या ८८ बायकांवरचा एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सगळ्यांच्या चेहऱ्याचे केस त्रासदायक होते. दोन गट करून सगळ्यांना सहा महिन्यांत पाच वेळा लेझर दिला, एका गटाला पूर्ण ताकदीचा आणि दुसऱ्याला अगदी कमी ताकदीचा. पूर्ण ताकदीच्या गटातल्या बायका आधी केस काढण्यात आठवड्याला सरासरी ११२ मिनिटं घालवत होत्या, नंतर २१. नैराश्य आणि चिंता मोजणारे आकडेही खाली आले. केस पूर्ण गेले असं कोणी म्हटलेलं नाही. पण ११२ वरून २१ ही खिडकीत बसणाऱ्या बाईसाठी काय चीज आहे, ते तुला मी सांगायला नको. २०२३ ची पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही चेहऱ्यावरच्या केसांसाठी आणि त्यातून येणाऱ्या मानसिक त्रासासाठी लेझरचा विचार करायला सांगतात. त्यामुळे ‘हे काय, दिसण्यापुरतंच तर आहे’ असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस.

आधी गोळ्या की आधी लेझर? तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं अर्धं बरोबर आहे. हार्मोन आवरले नाहीत तर लेझर म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. पण गोळ्यांनी नवे केस जाड होणं रोखलं जातं, आधीच जाड झालेले केस आपोआप पुन्हा लव होत नाहीत. झाले तरी फार हळू. केसाच्या वाढीचं चक्रच इतकं लांब की कुठल्याही गोळीचा परिणाम दिसायला निदान सहा महिने लागतात. म्हणून आधी-नंतर असं न करता दोन्ही एकत्र चालवलेलं चांगलं. गर्भनिरोधक गोळ्या रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी करतात, केसांसाठी पहिली निवड बहुधा त्यांचीच असते. तेवढ्याने भागलं नाही तर स्पायरोनोलॅक्टोनसारखं अँड्रोजेन अडवणारं औषध जोडतात. मेटफॉर्मिन पाळी आणि साखरेसाठी उपयोगी, केसांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही; ते चालू असूनही केस येतात म्हणून निराश होऊ नकोस. एफ्लॉर्निथिन नावाचं मलमही आहे. ते केसाची वाढ मंदावतं, लेझरबरोबर लावलं तर फरक लवकर दिसतो, आणि सोडलं की दोनेक महिन्यांत केस होते त्या वेगावर परत येतात.

इथे तुझ्या बाळाचा विचार मध्ये येतो आणि सगळं गणित बदलतो. गर्भनिरोधक गोळी चालू असताना दिवस राहणार नाहीत, हे उघड आहे. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना दिवस राहिले तर मुलग्याच्या गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीत अडथळा येऊ शकतो, म्हणून ते गर्भनिरोधकाशिवाय देत नाहीत आणि बाळासाठी प्रयत्न करायच्या बऱ्याच आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करतात. गर्भारपणात लेझरही आम्ही पुढे ढकलतो. म्हणजे तुझ्याकडे खरा वेळ आहे तो आत्ताचा. पाळी अडीच महिन्यांवर जात असेल तर बीजही तितक्याच क्वचित सुटतं, आणि वय ३३ आहे, म्हणून ‘दोन वर्षांत’चं ‘चार वर्षांत’ व्हायच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना तारीख ठेवून विचार: गोळ्या किती महिने, बंद कधी, त्यानंतर काय. केसांचं वेळापत्रक त्यावर बेतायचं. आणि हो, लेझरने गर्भाशयाला किंवा बीजांडकोशाला काही होत नाही. हा प्रकाश आहे, क्ष-किरण नव्हे, आणि तो त्वचेत काही मिलिमीटरच उतरतो. हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण दहातल्या आठ जणी दाराशी गेल्यावर विचारतात.

तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही: तपासण्या कोणत्या झाल्या. अनियमित पाळी आणि असे केस या दोन गोष्टी पीसीओएस म्हणायला पुरतात, पण त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन या हार्मोनची गडबड आणि मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात सौम्य दोष बाजूला काढावा लागतो. या शेवटच्यासाठी १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाची रक्ततपासणी असते, पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत आणि सकाळी करायची. झाली नसेल तर करून घे. बाळाचा विचार असताना तर नक्कीच. तुझे केस वर्षानुवर्षं हळूहळू आलेत, ते पीसीओएसला धरून आहे. पण हे वाचणाऱ्या कोणाचे केस दोन-चार महिन्यांत झपाट्याने वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल, कपाळावरचे केस पुरुषांसारखे मागे सरकत असतील, तर लेझरचा विचारही न करता थेट एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे तज्ज्ञ डॉक्टर, गाठा. बीजांडकोशाची किंवा अॅड्रिनलची गाठ असं करू शकते.

मशीनबद्दल. नावं फार सुंदर असतात, त्यांत अडकू नकोस, तरंगलांबी विचार. तुझ्या त्वचेचा रंग तू लिहिलेला नाहीस, आणि सगळं त्यावर ठरतं. त्वचेतही मेलॅनिन असतं आणि लेझरला ते केसातल्या मेलॅनिनइतकंच दिसतं. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेवर उत्तम, सावळ्या त्वचेला भाजू शकतो. ८०० ते ८१० चा डायोड मधला. १०६४ च्या एनडी-यॅगचा प्रकाश मेलॅनिन सगळ्यात कमी पितं आणि तो खोल जातो, म्हणून सावळ्या ते काळ्या त्वचेला तो सगळ्यात सुरक्षित. बारीक केसांवर त्याचा जोर कमी, पण तुला बारीक केसांवर तो द्यायचाच नाहीये. आयपीएल हा लेझर नव्हेच. तो अनेक तरंगलांबींचा मिश्र झोत आहे, आणि सावळा चेहरा व हार्मोनचा त्रास एकत्र असेल तिथे मी तो टाळते.

क्लिनिकमध्ये जाऊन विचार: लेझर कोण देणार, भाजलं तर कोण बघणार, आणि हनुवटीखाली चाचणीचे दोन-चार शॉट देऊन थांबणार का. चाचणी नको, आजच पहिलं सिटिंग उरकू, असं म्हणाले तर पर्स उचलून निघ. तुलाही सांगायचं आहे: कोणत्या गोळ्या चालू आहेत, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतलंय का, ओठावर ताप उठतो का. उठत असेल तर लेझरच्या उष्णतेने तो पुन्हा उसळू शकतो, आधी विषाणूविरोधी गोळी द्यावी लागते. उन्हाने चेहरा काळवंडला असेल तर तो उतरेपर्यंत थांब. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. पॅकेज एकदम घेऊ नकोस, सिटिंगगणिक ठरव, कारण चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग लागतात आणि पीसीओएसमध्ये बहुधा त्याहून जास्त, पुढे काही महिन्यांनी एखादं डागडुजीचं. इतकी लागतात कारण लेझर वाढीच्या टप्प्यातल्या केसालाच लागू पडतो आणि कुठल्याही दिवशी सगळे केस त्या टप्प्यात नसतात. तिसऱ्या-चौथ्या सिटिंगनंतर फरक नसेल तर नेमाने पाचवं घेण्याऐवजी थांबून विचार करायला हवा: ताकद कमी पडतेय का, हार्मोन आवरलेत का.

ते दोन-तीन पांढरे केस लेझरने जाणार नाहीत. त्यांत रंगच नाही. त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉलिसिस, म्हणजे प्रत्येक मुळात बारीक सुई घालून विजेने ते मारणं. १८७५ मध्ये चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत वळलेल्या पापण्यांसाठी ही युक्ती काढली. किचकट, संथ, थोडी दुखरी, पण ‘कायमचं’ हा शब्द खरोखर लावता येईल अशी ती एकच पद्धत आहे. दोन-तीन केसांना कितीसा वेळ लागणार.

दुखतं का? हनुवटीवर रबरबँडचा चटका बसल्यासारखं, आणि वरच्या ओठावर डोळ्यांत पाणी येईल इतकं. लेझरनंतर केसांच्या मुळाशी लालसर फुगवटे येतात, काही तासांत, फार तर दोन दिवसांत बसतात. फोड आला, राखाडी किंवा पांढरट डाग पडला तर वाट न बघता फोन कर. रोज सनस्क्रीन, एसपीएफ ३० च्या वरचं, खिडकीत बसायचं नसलं तरी.

आणि एक. पहिल्या सिटिंगनंतर आठ-दहा दिवसांनी हनुवटीवर काळे ठिपके वर येताना दिसतील, आणि तुला वाटेल की केस पुन्हा आले, गालांसारखंच झालं, ताईने फसवलं. चिमटा घेऊ नकोस. ते जळलेले केस असतात, त्वचा त्यांना बाहेर ढकलत असते, दोन-तीन आठवडे हे चालतं. मला पुन्हा पत्र लिहायच्या आधी चेहरा धुताना ओल्या मऊ फडक्याने हलकं पुसून बघ. बरेचसे फडक्यावर येतील.